गोधडीमागचे कागद

गोधडीच्या चौकोनामागचा कागद मावशीने सहज उलटून पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावर तिचंच अक्षर होतं. 'बाळा, यंदाही सुट्टी' एवढं लिहून पुढचं खोडलेलं, त्याखाली पुन्हा लिहून पुन्हा खोडलेलं.

हे कागद कुठून आणले, असं तिने शक्य तितक्या सहज विचारलं. रद्दी संपली म्हणून तुझ्या पेटीतला गठ्ठा घेतला, एका बाजूने कोराच होता, असं भाची मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

चिंध्यांची गोधडी अशी शिवायची ही मावशीचीच पद्धत. कागदाचा चौकोन कापायचा, त्यावर पट्टीला पट्टी जोडत जायचं, टाका बारीक ठेवायचा, म्हणजे शेवटी कागद शिवणीवर अलगद फाटून निघतो. पट्ट्या भाचीला आखूड झालेल्या कपड्यांच्या होत्या. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, शाळेचा गणवेश, शाई सांडलेला सदरा, सगळे दहा वर्षांत साठलेले. गोधडी आईला द्यायची होती.

आई बोटीवर स्वयंपाकघरात कामाला, असं घरात धरून चाललेलं होतं. खरं म्हणजे ती पहिल्याच वर्षी तापाने गेली. पोर तेव्हा आठ वर्षांची. आईचं पत्र आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून हटून बसलेली. वेळ मारून न्यायला मावशीने आईच्या नावाने एक पत्र लिहिलं आणि पोर जेवली. मग दर महिन्याला लिहिणं आलं. पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येतात, उत्तरं मीच टपालात टाकते, अशी थापेवर थाप चढत गेली. मावशी शिलाईच्या दुकानात बाह्या बसवणारी बाई. तिला प्रत्येक पत्र आधी कच्चं लिहून पाहावं लागे, आणि एका बाजूने कोरा असलेला कागद फेकणं तिच्या जिवावर येई. हा चिकटपणा आज अंगाशी आला होता.

भाची आता अठरा वर्षांची होती, आणि गोधडी टपालात टाकायला मावशीच्या हाती द्यायला तयार नव्हती. बोटीच्या कंपनीचं कार्यालय पाचला बंद व्हायचं. त्याच्या आत ती स्वतः नेऊन देणार होती. तिथला कारकून नाव शोधेल आणि एका वाक्यात सगळं सांगून मोकळा होईल. त्यानंतर ही पोर आपलं तोंडही बघणार नाही, अशी मावशीला भीती होती.

"कागद मी काढते," ती म्हणाली. "तू नुसतं शिवत राहा."

छत्तीस चौकोन होते. मावशी कागद फाडत होती आणि कपटे मुठीत चुरगाळून पिशवीत कोंबत होती. मधेच, काम लांबावं म्हणून, तिने मशीनची दोऱ्याची बॉबीन उशीखाली सरकवली. भाचीने खणातून दुसरी काढली. घड्याळात अकरा वाजले होते.

"आईला निळा आवडतो ना?" भाचीने विचारलं.

"हो तर."

"एका पत्रात हिरवा लिहिलं होतं."

"माणसाची आवड बदलते, गुंडे."

लाडात असली की मावशी तिला गुंडी म्हणायची, आणि अडचणीत असली की जास्तच. भाचीने शेवटचा चौकोन मशीनवरून उतरवला आणि त्याचा कागद स्वतःच फाडला. तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, मग घडी करून खिशात ठेवला. काय लिहिलंय, असं मावशीने विचारलं.

"खोडलंय सगळं," भाची म्हणाली.

मग फार काही राहिलं नाही. चौकोन जोडले, मागे अस्तर लावलं, कडेने पट्टी फिरवली. उद्या जा, आज फार धावपळ होईल, असं मावशीने दोनदा सुचवून पाहिलं. दोन्ही वेळा भाची होईल म्हणाली. साडेचारला गोधडी घडी करून खाकी कागदात बांधलीसुद्धा. भाचीने वर ठसठशीत पत्ता लिहिला आणि चपला पायात घातल्या.

आता मात्र मावशीला राहवेना. कारकुनाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. ती दार अडवून उभी राहिली.

"थांब गं. तुला सांगायचं होतं. तुझी आई..."

"आधी पत्ता बघ," भाचीने पार्सल तिच्या हातात दिलं. "चुकला नाही ना?"

मावशीने चष्मा पुसला, तरी अक्षरं हलत होती. वर लिहिलं होतं, 'तीर्थरूप आईस'. खाली पत्ता याच घराचा होता.