मूलांक आठ

शाळेच्या जुन्या रजिस्टरात खुन्याची जन्मतारीख पाहून सोनपेठचे जमादार चपापले. “गुरुजी, हा तिसरा खुनी, अन् तिघांचीबी तारीख सतराच. एक अन् सात, आठ. आठवाल्याच्या हातून रक्त सांडतंच, अंकशास्त्र हाय हे!” जमादार गेले, पण दिनकरगुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. आईबापांना तारीख ठाऊक नसली की मराठवाडा मुक्त झाला ती सतरा तारीख गुरुजी स्वतःच कौतुकानं लिहीत. तेवढ्यात तानुबाई लेकीचं नाव घालायला आली. “तारीख तुमीच टाका, गुरुजी.” आज मात्र त्यांनी खोदून विचारलं. “दुष्काळातली हाय. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, खडी फोडता फोडता झाली.” गुरुजींनी मनातल्या मनात मोजलं: चौदा, पंधरा, सोळा, सतरा. घाम पुसून त्यांनी गुपचूप अठरा लिहिलं. अजून अक्षरओळख नसलेली पोर त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाली, “सतराच लिवा, गुरुजी.”