दोनशे अठरा बादल्या

"पाणी किती येते जी, काकाजी?" दुकानदार भुपेंद्रने विचारले.

"पाणी कुठचं? जराशी ओल," मधुकरराव म्हणाले.

शकुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. हा माणूस पवनीतल्या आपल्या घराची उंची सांगताना दोन फूट वाढवायचा आणि तळघरातल्या पाण्याची सांगताना दोन फूट उतरवायचा. नागपूरच्या साडभावाकडे तळघर आहे म्हणून यांनीही खोदून घेतले. साडभावाच्या घरामागे रस्ता होता, यांच्या घरामागे वैनगंगा. नदी फुगली की फरशीच्या सांध्यांतून पाणी वर यायचे, आणि नदी फुगली की लाइनही हमखास जायची. म्हणून आज दोघे भंडाऱ्याला आले होते, बॅटरीवर चालणारा पंप घ्यायला.

भुपेंद्रने दुकानातच नमुना मांडून ठेवला होता. प्लास्टिकची टाकी, तिच्या तळाशी पंप, शेजारी बॅटरी, आणि वरून नळाची बारीक धार. पाणी चढले की टाकीतला तरंगता गोळा वर यायचा, खट्ट व्हायचे आणि पंप पाणी बाहेर फेकू लागायचा. भुपेंद्रने भिंतीतला प्लग उपटून दाखवला. पंप थांबला नाही. टाकी रिकामी झाली तेव्हा आपला आपण गप्प बसला.

शकुनबाई बघत राहिल्या. याला कोणी हाक मारली नव्हती. पाणी काढून झाल्यावर याच्याकडे कोणी चहाही मागितला नव्हता.

"पंप तं हाच घ्या," भुपेंद्र म्हणाला. "सवाल आहे बॅटरीचा. ही छोटी चार तास ओढते. ही मोठी जोडी, दिवसभर. तुमच्याकडे लाइन गेली का किती वेळ येत नाही?"

"घंटा-दोन घंटे. लय झालं तं."

मागच्या श्रावणात पहाटे गेलेली लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी आली होती. शकुनबाईंनी कमरेचा पट्टा सारखा केला. तो त्याच दिवसाची कमाई होती. अकरा पायऱ्या, एका हातात बादली, दुसरा हात भिंतीला. मधुकरराव सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहून तळघरातला पत्त्यांच्या मैफलीचा सोफा कसा वाचवायचा ते सांगत होते. मध्येच साडभावाचा फोन आला, तर त्यालाही 'जराशी ओल' म्हणाले. सोफा चार दिवस उन्हात ठेवला आणि पहिल्यासारखा झाला. कंबर झाली नाही.

"छोटीच द्या," मधुकरराव म्हणाले.

"अन् बॅटरी संपली तं? नदी काही घड्याळ पाहून उतरत नाही, काकाजी."

मधुकररावांनी हनुवटीने बायकोकडे खूण केली. "घरचा बॅकअप आहे न आपला! हिले चार्जिंग बी लागत नाही."

भुपेंद्र हसला. पलीकडे पाइप मोजून घेणारे गिऱ्हाईक हसले. सगळ्यांत जास्त मधुकररावच हसले. विनोद स्वतःचा असला की ते हात राखून हसत नसत.

"दोनशे अठरा," शकुनबाई म्हणाल्या.

"काय?"

"बादल्या." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "भुपेंद्रभाऊ, पाणी किती येते, तुम्ही विचारलं न? ह्या एवढ्या बादलीनं दोनशे अठरा. पहाटेपासून दिवा लागेपर्यंत. तरी बी रात्री पाणी घोट्याले होतं. सिहोऱ्याले माझे बाबा धान मोजत, तं वीस मापं झाली का कोळशानं एक रेघ ओढत. मी बी तशीच ओढली, तळघरातल्या भिंतीवर. दहा रेघा, अन् वरच्या अठरा."

"भिंत खराब करून ठेवली होती सारी," मधुकरराव हसतच म्हणाले. "रंग माराले लागला मले."

"हो न. रंग तुम्ही मारला. पाणी मी काढलं."

पाइपवाले गिऱ्हाईक मोजता मोजता आकडा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

मधुकररावांचा आवाज खाली आला. "चारचौघांत काहून बोलून राहिली?"

"मले चार्जिंग लागत नाही म्हटलं, तवा हे चौघं नव्हते का?"

भुपेंद्रने उपटलेला प्लग पुन्हा भिंतीत खोचला.

"डॉक्टरनं मले भरली बादली उचलाले मनाई केली," शकुनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मधुकररावांना सोपे गेले असते. "थे तुम्हाले मालूम आहे. तुमच्यासमोर सांगितलं त्यानं. आता छोटी घ्या का मोठी घ्या, तुमची मर्जी. श्रावण लागला का मी सिहोऱ्याले जाते. नदी उतरली का येईन."

"अन् घर?"

"घरी तुम्ही आहा न. बॅकअप."

या वेळी कोणी हसले नाही. भुपेंद्रने बिलबुक उघडले होते, पण पेन टेकवला नव्हता. "मग काकाजी, छोटी लिहू का जोडी?"



काउंटरवर पाइपांवर खुणा करायची जाड काळी पेन्सिल पडली होती. शकुनबाईंनी ती उचलली, टोक बोटाने तपासले आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात नीट खोचली.

"वीस झाल्या का एक रेघ," त्या म्हणाल्या. "इसरू नोका."

मागे टाकी भरत आली होती. गोळा वर आला, खट्ट झाले, आणि पंप कोणी न बोलावता कामाला लागला.