आईकडचे नातेवाईक

जावयाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अनंतराव स्वतःला सांगत. चौदा महिने झाले होते. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश ते रोज उघडत.

श्रीनिधीने पुण्याहून लिहिलं होतं. त्याच्या मुलाला, पाच वर्षांच्या अथर्वला, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलपणाही असावा, असं म्हणाले होते. तिथल्या एका संस्थेत अशा मुलांच्या घरांचा अभ्यास चालू होता. त्याचा छापील कागद सोबत होता. 'आईकडचे नातेवाईक. आजोबांनी किंवा आजीने स्वतः भरावा.' खाली लक्षणांची यादी होती. कुणात ही लक्षणं असल्यास नाव आणि नातं लिहायला दोन रिकाम्या ओळी होत्या. श्रीनिधीने शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, माझी आई सारखी उत्तराला बोलते. तिच्यामुळेच पोर असं झालं म्हणते. तुमच्या बाजूला कुणात असं होतं हे कळलं, तर ते रक्तातलं आहे, असं मला आईला सांगता येईल.'

त्याच आठवड्यात मुलीचा, उत्तराचा, फोन आला होता.

"बाबा, तुम्ही त्यात काही लिहू नका."

"पण तुला बोल लावायलेत ना, बेटा."

"लावू द्या. नोकरी केली, पोराला मोबाईल दिला, हेच ना? ते सोसते मी. सख्खा भाऊ होता आणि तो लपवला, हे कळलं तर त्या घरात तोंड कसं दाखवू?"

तो भाऊ तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्रं तारखेनुसार लावत होता. जीवन चाळिशीला आला होता. दिवसातून चार-पाच शब्द बोलायचा. नऊ वर्षांपूर्वी उत्तरासाठी स्थळं बघायला घेतली, तेव्हा विमलने, त्यांच्या बायकोने, सांगितलं आणि अनंतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात बायोडेटावर लिहिलं, 'भाऊ : नाही.' लग्नाच्या चार दिवस आधी जीवनला झरीच्या शेतावर, शेत सांभाळणाऱ्या आश्रुबाकडे नेऊन ठेवलं. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. तिथे मामेभाऊ भुजंग उभा राहिला. पुढेही जावई कधी परभणीला आले, की जीवन झरीला जाई.

अक्षता पडल्या, बँड सुरू झाला आणि थोड्या वेळाने अनंतराव मांडवातून दिसेनासे झाले. मुलीच्या पाठवणीलाही नव्हते. बापाला बघवलं नाही, असं वऱ्हाडी म्हणाले. विमलला ठाऊक होतं, ते आटो करून झरीला गेले. पोराशिवाय राहवलं नाही त्यांना, असं ती मरेपर्यंत सांगत होती. अनंतरावही तेच सांगत.

यंदा जानेवारीत आश्रुबा नवी तुरीची डाळ घेऊन परभणीला आला. अनंतरावांसमोर तोच कागद होता. अभ्यासाची मुदत केव्हाच उलटून गेली होती, तरी ते तो काढून बसत. जीवनच्या लक्षणांपुढे त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, खोडल्या होत्या, पुन्हा केल्या होत्या.

"आश्रुबा, लग्नाच्या दिवशी जीवननं तुला लय त्रास दिला असेल, नाही?"

आश्रुबा हसला. "त्यानं? त्यो निवांत शेंगा फोडत बसला व्हता, मालक. तुमीच आटोतून उतरले ते घामाघूम. तेवढ्यात गावातल्या वरातीचा ताशा वाजायला लागला, तर तुमी भिंतीला पाठ लावून खालीच बसले. मग त्यानंच येऊन तुमचे दोन्ही कान झाकले. मला तर हसूच आलं. म्हनलं, कोन कोनाला सांभाळायलंय!"

अनंतरावांनी कागद जवळ ओढला.

आश्रुबा गेल्यावर त्यांनी यादी पुन्हा वाचली. गोंगाट सहन न होणे. समोरच्याच्या डोळ्यांत न पाहणे. वस्तूंचा क्रम बदलल्यास अस्वस्थ होणे. एकाच विषयात तासन्‌तास रमणे. ग्रंथालयात त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती. लोक त्यांना लाजाळू म्हणत. यांना वाचायचं वेड आहे, असं विमल पाहुण्यांना कौतुकाने सांगे. त्यांना कुणी कधी शेतावर नेऊन ठेवलं नाही. मांडवात त्यांना मानाने पुढे बसवलं होतं.

त्यांनी पेन घेतलं. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. नातं, आजोबा. दुसऱ्या ओळीत जीवनचं. नातं, मामा. संस्थेला आता या कागदाचा उपयोग नव्हता. पाकिटावर त्यांनी श्रीनिधीच्या घरचा पत्ता घातला आणि आत एक चिठ्ठी ठेवली : 'बायोडेटा माझ्या हातचा आहे. उत्तरा माझ्या सांगण्यावरून गप्प राहिली.' हे अर्धंच खरं होतं. जावई वाचून काय करील, ते त्यांना कळत नव्हतं. उत्तरा पुन्हा फोन करणार नाही, एवढं कळत होतं. लिहून चूक केली की न लिहून, हेही नीट कळत नव्हतं.

दुपारी ते जीवनला घेऊन निघाले. इतक्या वर्षांत दोघे असे भरदिवसा रस्त्याने कधी गेले नव्हते. पोस्टाच्या लाल पेटीपाशी पोचले आणि चौकातून एक वरात वळली. डीजे सुरू झाला. अनंतरावांचा हात पेटीच्या तोंडाशीच थांबला.

मागून दोन रुंद तळहात आले आणि त्यांच्या कानांवर घट्ट बसले. त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज त्यांना आला नाही.