घरातली हाक

श्रीरंगने नव्या नोकरीचे पेढे देवापुढे ठेवले, तेव्हा त्याच्या आईने, कुमुदने, विचारलं, "शेजारच्या लीलाला तिच्या मेलेल्या भावाच्या आवाजात फोन करून काढे विकायला बघत होती, ती हीच ना रे कंपनी?"

"आई, विकतात दुसरे. मी फक्त यंत्राला आवाज शिकवतो."

"चोराची शिडी धरणाराही हेच म्हणतो. सोड ती नोकरी."

दुसऱ्या दिवशी तो तरीही कामावर गेला. दुपारी फोन वाजला आणि पलीकडून कुमुदचा दिवंगत नवरा म्हणाला, "काय राणीसरकार, चहा झाला का?"

लीलाला यंत्राने 'लीला' म्हटलं होतं. भाऊ तिला जन्मभर 'ठमे' म्हणायचा, म्हणून तिने लबाडी लगेच ओळखली. पण 'राणीसरकार' ही हाक या घराच्या स्वयंपाकघराबाहेर कधी गेलीच नव्हती. कुमुदशिवाय ती ऐकली होती ती एकट्या श्रीरंगने.

कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. ती फोन आपटणार, तोच आवाज हळूच म्हणाला, "रागावलात?"

तिने फोन पुन्हा कानाशी घट्ट धरला.

"अहो, बोला ना," ती म्हणाली. "काय विकत घेऊ?"