आतली कडी

"मामा, आतून कडी लावायची ना?" उत्तरेश्वर सुतारानं विचारलं, आणि हरणाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

भूकंपानंतर सास्तूरला हे नवं घर मिळालं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं, पहिल्याच आठवड्यात दाराची आतली कडी उपटून टाकली होती. तेव्हापासून रात्री दार लोटायचं आणि त्याला जात्याचा दगड लावायचा. आता ते लोखंडी दार गंजलं, म्हणून नवं लाकडी आलं होतं.

कडी का काढली, हे हरणाबाईनं कधी विचारलं नाही. तिला ठाऊकच होतं. भूकंपाच्या रात्री नवरा गणपती बुडवून आला तो पिऊन. तिनं आतून कडी घातली. तो अंगणात लिंबाखाली पडला आणि वाचला. पहाटे घर कोसळलं, तेव्हा त्यानंच हातांनी दगड उपसून तिला जिवंत काढलं. सासू धुरपदाबाई मात्र दारापाशी सापडली, मेलेली. लेकासाठी कडी काढायला उठली असणार, असं सगळा गाव म्हणाला.

त्या दिवसापासून महारुद्र दारूला शिवला नाही. येईल त्या पाहुण्याला एकच सांगायचा, "कडी व्हती म्हून वाचलो. देवाचा आशीर्वाद." पाहुणे हात जोडायचे. हरणाबाई नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघायची. कडी कुणी घातली, हे तो चुकूनही बोलायचा नाही. माणूस इतकं सांभाळून बोलतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतंच. देवाचं नाव पुढं करून हा आपल्याला त्याच्या आईचं मरण ऐकवतो, याची तिला खात्री होती.

"लाव," महारुद्र म्हणाला. "कंबर गेली माझी. दगड सरकंना आता."

हे कारण तिला मुळीच पटलं नाही.

"कंबरेचं कशाला सांगता?" ती म्हणाली. "बत्तीस वर्षं टोचलं मला. म्या कडी घातली, म्या मारलं तुमच्या आईला. एकदा तोंडानं म्हणा की."

उत्तरेश्वर पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला. महारुद्र उंबऱ्यावर बसला.

"कडी उघडीच व्हती," तो म्हणाला.

"काय?"

"तू झोपल्यावर आईनं काढली. लिंबाखाली आली, म्हणाली, लेकरा, आत चल. म्या रागात व्हतो. तोंड फिरवून पडलो. ती दारात बसून राह्यली, माझी वाट बघत."

हरणाबाईनं सूप खाली ठेवलं. "मग आशीर्वाद कशाचा सांगत फिरता?"

"आत गेलो असतो तर तुला काढायला कोण राह्यलं असतं? तेवढा आशीर्वाद खराच हाय. पर त्यो माझ्या हट्टातनं आला, आईच्या जिवावर. लोकांफुडं कसं सांगू? म्हून कडीवर ढकललं. नव्या घरात ती डोळ्याम्होरं नको वाटली, म्हून उपटली."

तिला आधी संताप आला, मग रडू आलं. नवऱ्याचं ओझं ती आपलं समजून वाहत आली होती, आणि तो ते रोज बघत होता.

"मला तरी सांगायचं व्हतं," एवढंच ती म्हणाली.

महारुद्र उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

उत्तरेश्वरनं परत येऊन कडी ठोकली, हत्यारं गोळा केली आणि तो गेला. हरणाबाईनं दार लावलं. आतून कडी घालून पाहिली. घट्ट बसत होती. ती तशीच कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. बाहेरून महारुद्र एकदाही दार वाजवेना.

मग तिनं कडी काढली.

"आत या," ती म्हणाली.

नव्या घराची चौकट चांगली उंच होती. तरी महारुद्र जुन्या घराच्या बुटक्या दारात वाकायचा तसा खाली वाकला, आणि आत आला.