मंजूर खड्डा

दारासमोरच्या खड्ड्यात आई पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. नगरपालिकेत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा रविवारी मीच सिमेंट कालवलं आणि खड्डा बुजवून टाकला.

सोमवारी सकाळी नगरपालिकेचा मुकादम कुदळ घेऊन दारात हजर. एवढ्या वर्षांत त्याची चपळाई मी पहिल्यांदाच पाहिली.

"बुजवलात कशाला?" तो कळवळून म्हणाला. "शुक्रवारच्या सभेत तुमचा खड्डा मंजूर झालाय. दुपारी पाहणी समिती येतेय. साहेबांना काय दाखवू, सपाट रस्ता?"

बोलता बोलता त्यानं खड्डा पुन्हा उकरला. होता त्याहून चांगला ऐसपैस.

दुपारी समिती आली. अध्यक्षांनी गाडीतून न उतरता मान तेवढी बाहेर काढली. "कडा ताज्या दिसतायत. हा आपोआप पडलेला खड्डा नाही, कुणीतरी मुद्दाम रस्ता खोदलाय. दुरुस्ती रद्द करा आणि चौकशी लावा."

मी मुकादमाकडे पाहिलं. तो कानावर हात ठेवून मोकळा झाला.

गाडी गेल्यावर मी उरलेलं सिमेंट बाहेर आणलं. मुकादमानं माझ्या हातातलं घमेलं धरलं.

"आता हात लावायचा नाही, दादा. चौकशी संपेपर्यंत हा खड्डा पुरावा आहे." मग खिडकीत बसलेल्या आईकडे वळून तो आदबीनं म्हणाला, "मावशी, तुम्हीही आता यात पडायचं नाही बरं का. कडा मोडतील."