हातपोपट

"तक्रार मागे घे," काका म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही."

"घाबरलात?" पुतणीनं विचारलं.

काका टेबलाच्या पलीकडची खुर्ची ओढून बसले. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यानंतर ती दोघं आज पहिल्यांदाच एका खोलीत आली होती. खोली प्रकाशक संघाची होती. टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश होते. एक तिच्या वडिलांचा, तीस वर्षांपूर्वीचा. आता तो तीच सांभाळत होती. दुसरा काकांचा, याच वर्षी निघालेला. संघानं नेमलेले पंच, एक निवृत्त न्यायाधीश, दोन्हींत एकच नोंद उघडून बसले होते.

"वॉकी-टॉकी," पंच म्हणाले. "एवढ्याशा शब्दावरून एवढं रामायण?"

"शब्दाची जन्मकथा बघा, साहेब," ती म्हणाली. "आधी हा संच पाठीवर बांधून न्यायचा असे. चालता चालता बोलायचं, म्हणून वॉकी-टॉकी. पुढे हातात मावणारा निघाला, त्याला हँडी-टॉकी असं वेगळं नाव होतं. पण लोकांनी पाठीवरच्याचं नाव हातातल्याला चिकटवलं. इथपर्यंत सगळं खरं आहे. आता शेवटची ओळ वाचा."

पंचांनी वाचली. "हातपोपट. बोगद्याच्या कामावरच्या मजुरांनी हातातल्या वॉकी-टॉकीला दिलेलं नाव. गळा दाबला की बोलतो, सोडला की ऐकतो, म्हणून." ते हसले. "आमच्या घरी सोडला तरी कोणी ऐकत नाही."

ती हसली नाही. "ही ओळ खोटी आहे. वडिलांनी बसल्या जागी रचलेली. कोशवाले असा एखादा शब्द मुद्दाम पेरून ठेवतात. नक्कल करणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही, तो सगळंच उचलतो आणि सापडतो. शेवटच्या आजारात वडिलांनी मला जवळ बोलावून सांगितलं, तुझा काका कधी ना कधी कोश काढील. काढला की आधी हा शब्द बघ."

"आणि बघितलात?"

"पान सहाशे बारा. जसाच्या तसा."

काका टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"आमच्या घरात यांना आयतोबा म्हणायचे," ती म्हणाली. "वडील दिवसदिवस टेबल सोडत नसत. हे महिनोन्‌महिने बाहेर हुंदडायचे. शेवटी वडिलांनीच यांना कोशाच्या कामावरून काढलं. तो राग यांनी असा काढला. संघाचा नियम स्पष्ट आहे. नक्कल केलेल्या कोशाच्या सगळ्या प्रती लगद्यात जातात आणि करणाऱ्याचं नाव कोशकारांच्या यादीतून कायमचं खोडलं जातं. मला तेच हवंय. एक प्रतही कमी नको."

"तुमचं काय म्हणणं?" पंचांनी काकांना विचारलं. "हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला?"

"कुठे का मिळेना."

"असं कसं? मी चौकशी केलीय. त्या काळच्या एका बोगद्याच्या कामावर बिनतारी संच सांभाळणारा माणूस अजून हयात आहे. बाहेर बसवलाय."

काका ताडकन उठले. "त्याला कशाला आणलंत? काही गरज नाही. कागद द्या इकडे."

उभ्याउभ्याच त्यांनी दोन ओळी खरडल्या आणि कागद पुतणीपुढे ढकलला. *शब्द मी चोरला. कोश मागे घेतो.* खाली सही.

तिनं तो दोनदा वाचला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते इतक्या सहज हाती आलं याचाच तिला राग आला. काकांच्या चेहऱ्यावर तिला धडधडीत भीती दिसत होती.

"नाही चालणार," ती म्हणाली. "उद्या म्हणतील, पुतणीनं दटावून लिहून घेतलं. साक्षीदाराला बोलवा."

"पोरी, कागद घे आणि घरी जा."

"पोरी म्हणू नका."

"बापाचा हट्ट बरा उतरलाय तुझ्यात. तोही असाच—"

"वडिलांचं नाव तुमच्या तोंडून नको!"

काका मटकन खाली बसले. "मग भोग," ते म्हणाले.

पंचांनी दार उघडून हाक मारली. बाहेरच्या अंधाऱ्या बोळातून एक वाकलेला म्हातारा आत आला आणि उजेडानं डोळे किलकिले करत दाराशीच थांबला.

"बोगद्यात असताना हातातल्या वॉकी-टॉकीला तुम्ही काय म्हणायचात?" पंचांनी विचारलं.

"हातपोपट," म्हातारा म्हणाला.

पुतणी गर्रकन म्हाताऱ्याकडे वळली. 

"कोणी पढवलं तुम्हाला?"

"पढवायचंय काय त्यात, बाई? संच आले त्याच वर्षी आमच्यातल्या एका सुतारानं नाव ठेवलं. मग सगळेच म्हणायला लागले."

तिनं भराभर विचार केला. शब्द खरा होता, तर वडिलांनी तो रचला नव्हता, गोळा केला होता. आजारात बोलण्यात चूक झाली असेल. पण मिळवलेला शब्द तर त्यांचाच होता, आणि काकांनी चोरी कबूल केलीच होती. तिचा आवाज पुन्हा चढला.

"एक कोशवाले आले होते ना तिकडे? वही घेऊन, शब्द विचारत?"

"आले होते की. पंधरा दिवस आमच्याच पत्र्याच्या खोलीत राहिले. खोदकामाच्या धुळीनं खोकून खोकून बेजार, पण वही सोडली नाही. हा शब्द मीच सांगितला त्यांना."

"ऐकलंत, साहेब?" ती पंचांकडे वळली. "लिहून घ्या. शब्दन्‌शब्द लिहून घ्या."

पंच लिहू लागले. म्हाताऱ्याचे डोळे एव्हाना उजेडाला सरावले होते. तो तिला ओलांडून टेबलाच्या पलीकडे गेला आणि मान खाली घालून बसलेल्या काकांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "खोकला गेला का हो, कोशवाले?"